कबड्डीच्या मैदानावर मोजलेले श्वास

ताई, माझा घसा अजून उघडलेला नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझा आवाज ऐकतात, हात हातात घेतात आणि म्हणतात, "किती रडलीस गं, आवाजच गेला तुझा." मी नुसती मान हलवते. चांदवडच्या मैदानावर "पायल, डावी, डावीकडची!" असं अख्खा सामनाभर बोंबलून हा घसा बसलाय, हे तुमचे दिवस व्हायच्या आधी कुणाला कसं सांगू? तुम्ही असता तर तुम्हीच सांगितलं असतंत, तेही माझी नक्कल करून.

रडलेही आहे, नाही असं नाही. पण खरं सांगू का, गेले काही दिवस मला रडण्यापेक्षा बोलावंसं जास्त वाटतंय. तो सामना कुणाला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावा असं वाटतं, आणि ज्यांना सांगावा त्या तुम्हीच. तुम्ही तर तिथे होतात. तरी ऐका.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सगळ्यांनी मला तुमची भीती घातली होती. नणंद, त्यात थोरली, त्यात लग्न न केलेली, त्यात शाळेत पीटीची मॅडम आणि कबड्डीची कोच. पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, "कल्पना, तुला कबड्डीतलं काय कळतं?" मी म्हटलं, काहीच नाही. "बरं झालं," तुम्ही म्हणालात, "घरात एक तरी माणूस माझ्याशी वाद घालणार नाही." मला दवाखान्यातलं कळत होतं, तुम्हाला मैदानावरचं. वर्षानुवर्षं आपण एकमेकींच्या वाटेला गेलो नाही.

मग गेल्या वर्षी तुम्ही जिना चढताना मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायला लागलात. रोज त्याच पायरीवर. त्या खिडकीतून बघण्यासारखं काही नाही, शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसते. मी खालून तुमचे खांदे बघत होते. श्वासाबरोबर खांदे वर चढत होते. वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईला ते खांदे बघून पुढचं सगळं दिसतं. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसं कडक होत चालली आहेत. का, ते सापडलं नाही. तुम्ही आयुष्यात विडी ओढली नव्हती, चूल फुंकली नव्हती. तुम्ही विचारलंत ते एवढंच, "मैदानावर कधी जाऊ?"

घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नळी फाटकापर्यंत पुरायची, तिथून पुढे नाही. आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ तुमचे श्वास मोजायला लागले.

श्वास मोजायचे तर माणसाला कळू द्यायचं नसतं. कळलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो, फोटो काढताना पोट आत ओढतात तसा. म्हणून आम्ही मनगट धरतो, घड्याळाकडे बघतो, नाडी मोजल्याचं सोंग करतो आणि मोजतो ती छाती. वर गेली, खाली आली, एक. पूर्ण मिनिटभर. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्या पोरींना मी वॉर्डात रागवायचे. साध्या माणसाचे बारा ते वीस भरतात. तुमचे बसल्या जागी चोवीस भरायचे.

तुम्हाला फसवणं मला चार दिवसही जमलं नाही.

"काय गं, नाडी मनगटात असते ना?"

"हो."

"मग माझ्या ट्रॅकसूटच्या चेनकडे काय बघतेस?"

मी घाईघाईने घड्याळाकडे बघितलं.

"कल्पना, चढाई करणाऱ्या पोरींचे डोळे वाचण्यात माझा जन्म गेला. पाय एकीकडे, नजर दुसरीकडे. मला गंडवतेस?"

त्यानंतर तुम्ही मला छळलंत की नाही सांगा! मी मनगट धरलं की तुम्ही मुद्दाम श्वास रोखायचात. एकदा तर डोळे मिटून पुटपुटायला लागलात, कबड्डी-कबड्डी-कबड्डी, एका दमात. बोटाला ऑक्सिमीटर लावलेला होता. तुमचे ओठ थांबले, तुम्ही धापा टाकायला लागलात, तरी आकडा ब्याण्णवच दाखवत होता. मग हळूहळू घसरत सत्त्याऐंशीवर आला. मी ओरडले. तुम्ही धाप लागलेल्या अवस्थेतही बोट नाचवलंत.

"बघ. दम... केव्हाच संपला. तुझ्या यंत्राला... आत्ता कळलं."

बरोबर होतं तुमचं. आकडा मागाहून येतो, श्वास आधी सांगतो. मी तुम्हाला तेच शिकवत होते की बोट गरम ठेवा, हात हलवू नका, आकडा स्थिर होऊ द्या आणि आकड्याच्या आधी माणूस बघा. तुम्ही म्हणालात, "मग यंत्र कशाला?" मी म्हटलं, "माणूस खोटं बोलतो म्हणून." तुम्ही म्हणालात, "यंत्र काय हरिश्चंद्राचं आहे?"

आणि मग ती दुपार. पायल फाटकातूनच ओरडत आली. तुमची लाडकी चढाईपटू, सिन्नरहून रोज एसटीने येणारी, बोलायला लागली की थांबत नाही अशी. "मॅडम! फायनल! आपण फायनलला गेलो मॅडम! चांदवडला हाय, रविवारी! लय म्हणजे लय भारी खेळलो!" तुम्ही खुर्चीतून अशा उठलात की नळी ताणून नाकातून निसटली. मी ती परत लावली, मनगट धरलं. श्वास तीसच्या वर होते आणि तुम्ही हसत होतात. त्या दिवशी तुम्ही सोंग करायलाही विसरलात.

"मी येणार," तुम्ही पायलला म्हणालात. मला विचारलंही नाहीत.

संध्याकाळी तुमच्या भावाला सांगितलं तेव्हा जे झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. हे एरवी तुमच्यासमोर आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला.

"ताई, तुला घरात आंघोळ झाली तरी दम लागतो. चांदवड काय गंगापूर रोडवर आहे?"

"दिलीप, पोरी पहिल्यांदा फायनलला गेल्यात."

"त्यांना नवे सर आहेत ना!"

"सर आहेत. मी नाहीये."

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "सिलेंडर दोन न्या, एक जादा. त्यांना चालू देऊ नका, व्हीलचेअर न्या. आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली जाऊन तिथेच राहिला तर सामना कितीही रंगात असो, गाडीत घालून परत." यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही दोघी जा. मला यात घेऊ नका. आणि आल्यावर मला काही सांगूही नका." रविवारी आपण निघालो तेव्हा हे आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. गाडी मी चालवली. हायवेला कांद्याचे ट्रक एकामागे एक लागले होते आणि तुम्ही प्रत्येक ट्रकमागे "काढ, काढ पुढे!" म्हणत होतात. जणू मी चढाईवर होते.

मैदानाच्या कडेला पोरींनी तुम्हाला गराडा घातला. मी सिलेंडर तपासत होते तेवढ्यात त्यांनी तुमच्या दहाही नखांना संघाच्या रंगाचं गडद निळं नेलपॉलिश लावून टाकलं. तुम्ही आयुष्यात कधी नखं रंगवली नव्हती! हात वर करून सगळ्यांना दाखवत होतात. मी हसले आणि विसरले. ती चूक जवळजवळ महागात पडली.

सामना सुरू झाला आणि आपल्या पोरी पडायलाच लागल्या. समोरचा संघ उंच, तगडा. आपली एकेक पोरगी बाद होत गेली आणि बघता बघता सगळ्या बाहेर, लोण बसला. तुम्ही पुढे वाकून काहीतरी ओरडायला गेलात आणि आवाजच फुटला नाही, नुसता वारा आला. मी ऑक्सिमीटर लावला. ब्याऐंशी.

मी पुसून परत लावला. ब्याऐंशी. दुसरं बोट. एक्क्याऐंशी.

मी व्हीलचेअरच्या ब्रेकला हात घातला तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फक्त मनगट माझ्यापुढे केलंत.

मी मोजायला लागले. मागे लोक बोंबलत होते, शिट्ट्या वाजत होत्या, आणि मी गुडघ्यावर बसून तुमच्या छातीकडे बघत होते. पूर्ण मिनिट. सव्वीस. ओठ निळे नव्हते. कपाळाला घाम नव्हता. सव्वीस श्वास घेणाऱ्या, अशा दिसणाऱ्या बाईचा ऑक्सिजन एक्क्याऐंशी? मग नजर नखांवर गेली आणि मी माझ्याच कपाळावर हात मारला. उजेड नखातून आरपार जातो तेव्हा ते यंत्र वाचतं, आणि नखावर निळ्याशार रंगाचा थर!

"कुणाकडे रिमूव्हर आहे का?" मी विचारत सुटले. कबड्डीच्या मैदानावर! एका आजोबांनी मला पाण्याची बाटली दिली. शेवटी मी ऑक्सिमीटर बोटावर आडवा लावला, नखावरून न लावता दोन्ही बाजूंनी. तुमचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून गरम केला. आकडा नाचला, थांबला, पुन्हा नाचला. नव्वद. मग नव्वदच.

"काय झालं?" तुम्ही विचारलंत.

"नव्वद."

"मग बसलीस काय? ओरड."

"मी?"

"मला आवाज नाही. तुला आहे."

मी जन्मात कधी चारचौघांत ओरडले नव्हते, ताई. वॉर्डात सगळं हळू बोलायचं. पण तुम्ही एकेका श्वासाला एकेक शब्द देत होतात, "डावीकडची... पुढे... येते... पायानं... शिव," आणि मी उभी राहून जे सुचेल ते ओरडले, "पायल! ती डावीकडची! पुढं आली की लाथ घाल तिला!" अख्खं मैदान हसलं. पंचांनी शिट्टी वाजवून दटावलं, "मॅडम, मागे." मागून एक काका म्हणाले, "ओ ताई, एवढं वरडू नका, माईक आणून देऊ का?" पण पायल समजली! पुढच्या चढाईत ती डावीकडची पुढे आली आणि पायलने वळता वळता मागे पाय फेकून तिला शिवलं. गुण! तुम्ही माझ्या हातावर अशी थाप मारलीत की ऑक्सिमीटर मातीत पडला.

मग काय विचारता! मध्यंतरानंतर पोरींनी पकडीवर पकडी केल्या. समोरच्यांवर लोण चढवला. तुम्ही सांगायचं, मी ओरडायचं, मध्येच मनगट धरून मोजायचं, पुन्हा ओरडायचं. अठ्ठावीस. "कोपरा... सोडू... नको!" "कोपरा सोडू नका गं!" नव्वद, एकोणनव्वद, नव्वद. मी काय ओरडतेय ते मला अर्धं कळत नव्हतं, पण हळूहळू कळायला लागलं आणि ते कळणं इतकं मजेचं होतं, ताई! एवढी वर्षं तुम्ही रविवारी सकाळी घरातून का पळत होतात, ते त्या दुपारी मला समजलं.

शेवटी आपण एका गुणाने पुढे होतो आणि समोरच्यांची शेवटची चढाई होती. त्यांची सगळ्यात उंच पोरगी आली. आपल्या चौघीच उरल्या होत्या. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही तोंड उघडलंत, पण श्वासच पुरेना, शब्द बाहेर येईना. चढाईचा वेळ चालला होता. आणि मी माझ्या मनाने ओरडले, "थांबा! कुणी हात घालू नका! मागे राहा, मागे!"

चौघी मागे सरकल्या. ती उंच पोरगी एकीमागे धावली, दुसरीमागे धावली, हात लांबवला, बोटभर अंतराने हुकली. शिट्टी. जिंकलो! पोरी धावत आल्या, व्हीलचेअर उचलायला निघाल्या. मी सिलेंडरला मिठी मारून ओरडत होते, "नळी! नळी सांभाळा!"

गाडीत बसल्यावर श्वास जरा खाली आले आणि तुमचं पहिलं वाक्य होतं, "मी 'धरा' म्हणणार होते."

"काय?"

"धरा. चौघींनी मिळून. थांबा काय? पळून जिंकलो आपण."

"जिंकलो ना! पकड सुटली असती तर गेला असता सामना."

"आणि लागली असती तर?"

नाशिकपर्यंत हाच वाद. मी म्हणत होते, शेवटी वेळ काढणं हेच शहाणपण. तुम्ही म्हणत होतात, वेळ काढायला पोरी कबड्डी खेळत नाहीत. पिंपळगावच्या टोलनाक्यावर मी तुम्हाला म्हटलं, घरात वाद न घालणारं एक माणूस होतं, तेही गेलं तुमचं. तुम्ही एवढ्या हसलात की मला गाडी बाजूला घेऊन पुन्हा श्वास मोजावे लागले.

घरी आलो तेव्हा हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. तुम्ही निळी नखं पुढे केलीत. यांनी पेपर खाली केला नाही. तुम्ही दोन दिवस ठणठणीत होतात, खोलीत पुटपुटत सामना पुन्हा पुन्हा खेळत होतात, आणि तिसऱ्या दिवशी ताप आला.

पुढचं थोडक्यात सांगते. दवाखान्यात मास्क लागला, तोंडभर घट्ट. भिंतीवरच्या पडद्यावर श्वासांचा आकडा झळकत होता, मोठ्या हिरव्या अक्षरांत, कुणी मोजायची गरज नव्हती. तरी मी मनगट धरून मोजत बसायचे. माझ्या आणि पडद्याच्या आकड्यात एखाद-दुसऱ्याचा फरक पडायचा. एकदा तुम्ही हात सोडवलात आणि माझी बोटं मुठीत आवळलीत. मला वाटलं, हात धर म्हणताय. मी धरला. तुम्ही मान हलवलीत, नाही, आणि पुन्हा मूठ आवळून दाखवलीत, जोरात, जणू कुणाचा घोटा पकडावा तशी. मास्कच्या वर तुमचे डोळे हसत होते. तेव्हा कळलं. धरा! तुम्ही अजून वाद घालत होतात.

मी म्हटलं, "बऱ्या झाल्यावर बोलू यावर." हे बोलायला नको होतं. तिथेच उत्तर द्यायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, संसर्ग घरी बसूनही झाला असता, हा आजार असाच एकाएकी उसळतो. यांनी ते ऐकलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मलाही अधूनमधून वाटतं, तो आडवा लावलेला नव्वद खरा होता का, की मला तो हवा होता? मग आठवतं, श्वास मी मोजले होते. पूर्ण मिनिट. सव्वीस. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि तुम्ही मनगट पुढे केलंत तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की मोजणीत काहीही निघू शकतं. माझ्यावर सोपवलंत. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नाही, ताई. तो टाकलात म्हणून मी तुमची ऋणी आहे, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

काल पायलच्या वडिलांनी मोबाइलवर सामन्याचं शूटिंग पाठवलं. मी स्वयंपाकघरात उभ्याने बघत होते. माझाच आवाज ऐकून हे आत आले.

"हे काय?"

"चांदवडचं."

ते जायला वळले. मग थांबले. "ही ओरडतेय कोण?"

"मी."

त्यांनी स्टूल ओढलं. चष्मा लावला. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि चहा टाकला. बराच वेळ माझ्या ओरडण्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं. मग हे हळूच म्हणाले, "ताई उठून उभी राहिलीय बघ इथे. हसतेय." मी गॅसकडे तोंड करूनच उभी राहिले.

शेवटची चढाई आली तेव्हा ते स्टुलावरून उठून उभे राहिले होते. माझा आवाज आला, "थांबा! कुणी हात घालू नका!" आणि हे मोबाइलवर ओरडले, "थांबा काय? धरा! धरा तिला!"

"अहो, चौघीच होत्या," मी म्हटलं. "पकड सुटली असती तर?"

"चौघी पुरतात! ती उंच होती, कमरेला धरली असती तर जागची हलली नसती."

"आणि नुसता हात लागून ती परत गेली असती तर?"

"असं घाबरून कुणी कबड्डी खेळतं का?"

चहा उतू गेला, ताई. कुणी गॅस बंद केला नाही. हे दोन खुर्च्या सरकवून मला दाखवत होते की कोपऱ्यातल्या पोरीने कुठून यायला हवं होतं, आणि मी माझ्या फुटक्या आवाजात त्यांना सांगत होते की ते किती चुकताहेत.